हाताचे स्थान आणि झटक्याचा उगम



अपस्माराच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना औषधांनी पुरेसा आराम पडत नाही. त्यांपैकी ज्यांच्या झटक्यांचा उगम मेंदूच्या एकाच मर्यादित भागात असतो, त्यांच्या बाबतीत शल्यक्रियेचा विचार करता येतो. परंतु तो भाग हातापायांची हालचाल घडवून आणणाऱ्या प्रेरक पट्ट्यालाच लागून असला तर काय करावयाचे?

या पट्ट्याचा सुगावा मुळात झटक्यांनीच दिला. अंगठ्यात सुरू झालेली आकडी ठराविक क्रमाने हातभर पसरत जाते, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी पाहिले. मेंदूतही अवयवांची मांडणी अशीच असली पाहिजे, हा त्यांचा तर्क. 1870 मध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूस विद्युत्प्रवाह लावून त्यास पुष्टी दिली. 25 मे 1886 रोजी लंडन येथे व्हिक्टर हॉर्सली यांनी एका तरुणाच्या मेंदूवरील जुना व्रण काढला, तेव्हा जॅक्सन तेथे उपस्थित होते.

पुढे मॉन्ट्रिऑलला वाइल्डर पेनफील्ड यांनी रुग्णाला जागे ठेवूनच शस्त्र चालविले. मेंदूला स्वतःला वेदना नसते. वरचे आवरण बधिर केले की पुरे. सौम्य प्रवाह लावताच बोट हलले, की त्या जागी कागदाचा लहानसा अंक ठेवावयाचा. वेल्लूरचे डॉ. जेकब चँडी हे त्यांचेच शिष्य.

नकाशा हाती आला तरी पेच उरतोच. चेहऱ्याच्या क्षेत्राची हानी बव्हंशी भरून निघते, कारण चेहऱ्याला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून प्रेरणा मिळते. बोटांच्या नाजूक हालचाली मात्र एकदा गेल्या, की पूर्ववत होणे कठीण. याउलट मध्यरेषेजवळील पूरक प्रेरक क्षेत्र काढल्यावर रुग्ण काही काळ मुका होतो, विरुद्ध बाजूचा हात उचलत नाही, आणि बहुधा काही आठवड्यांत सावरतो. याची कल्पना घरच्यांना आधी न देणे ही, माझ्या मते, निव्वळ निष्ठुरता होय.

1989 मध्ये मॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी वाट सुचविली : भाग काढावयाचाच नाही, सुमारे पाच मिलिमीटर अंतराने आडवे तंतू तेवढे छेदावयाचे. झटका आडवा पसरतो आणि हालचालीची आज्ञा उभी उतरते, हे त्यामागील गृहीत. झटके कमी होतात खरे. पण ते कायमचे थांबतीलच, असे आश्वासन देता येत नाही.

ज्याचा हात रोजच्या झटक्यांनी आधीच निकामी झाला आहे, तो थोडी दुर्बलता पत्करील. शिंप्याचे उत्तर निराळे असेल. ते कवटी उघडण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते.