हौदाकाठचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चारचौघांत बोलायची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "बाप्तिस्म्याच्या दिवशीचे काम तुम्ही बघता, तर त्यावर तुम्हीच बोला." म्हणून उभी राहिले.

शेजारच्या काही भगिनी आल्या आहेत, त्यांच्यासाठी आधी सांगते. बाप्तिस्मा हा आमचा पाण्याचा संस्कार. आमच्या देवळात मोठ्या माणसांना हौदात बुडवून तो देतात. जन्मात एकदाच होतो.

पूर्वी आपली उपासना पत्र्याच्या शेडमध्ये होई. वर्षाला दोघेतिघे बाप्तिस्म्याला असत. त्यांना नदीवर नेत. बायका लुगड्याचा आडोसा धरीत, काम भागे. पुढे कारखाने आले, वस्ती वाढली, बाकांवर जागा पुरेना. २०२३ सालच्या ईस्टरला एकदम २६ जण उभे राहिले. देवाची कृपाच! पण आपली तयारी मात्र दोघातिघांचीच होती.

एकेकाला चार मिनिटे धरली तरी पावणेदोन तास होतात. मुले रडू लागली, म्हाताऱ्या पेंगू लागल्या. हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाणी साडेतीन फूट, म्हणजे जवळजवळ ४,००० लिटर. एप्रिलचा महिना. बाहेर बायका हंडे घेऊन नळावर रांगेत आणि आत आपण हौद भरतो आहोत! शेजारणींसमोर मान वर करवेना.

त्या दिवशी टॉवेल माझ्याकडे होते. मी आणले बारा. शेवटी शेवटी एक बहीण हौदातून वर आली, तेव्हा कोरडा टॉवेल उरला नव्हता आणि कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी होती. पांढरी पातळ साडी अंगाला चिकटलेली, समोर सगळी मंडळी. ती बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "काकी, इतकी वर्षे या दिवसाची वाट पाहिली आणि आता आठवते ती लाजच." चूक माझी होती. आठ दिवस मला झोप लागली नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात आहे की यरुशलेमेत एका दिवशी सुमारे ३,००० माणसे मिळाली. मी पाळकसाहेबांना विचारले, "त्यांचे टॉवेल कोणी धरले?" ते हसले. म्हणाले, "तेवढे लिहिलेले नाही." मला वाटते, जे लिहिले जात नाही ते काम बहुधा बायकांचेच असते.

त्यांनीच मला 'डिडाखे' या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तकाविषयी सांगितले. वाहते पाणी असले तर उत्तम, नसले तर दुसरे, थंड सोसत नसेल तर कोमट आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, असे त्यात आहे. म्हणजे आपल्या अडचणी त्या लोकांनाही होत्या!

२०२४ पासून आपण असे ठरवले. एका रविवारी दहाच माणसे, बाकीची पुढच्या रविवारी. हौद रोज थोडा थोडा भरायचा आणि नंतरचे पाणी झाडांना व फरशी धुवायला. पायऱ्यांना कठडा. आजारी माणसाला डोक्यावर पाणी. बायकांना जाड, गडद रंगाचे झगे मंडळाने शिवले. हौदापासून खोलीपर्यंत पडदा, माणशी दोन टॉवेल आणि प्रत्येकीबरोबर एक बाई. नोंदवहीतले नाव आदल्या दिवशी तिच्याकडूनच वाचून घ्यायचे, कारण पुढे लग्नाच्या वेळी तोच दाखला लागतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. ती तारीख आपण अजून सांगतो. यादीतल्या सव्विसाव्या बाईचा दिवसही तिला तेवढाच मोठा असतो. मंडळी वाढली म्हणून माणूस लहान होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

ती बहीण आता माझ्या शेजारी टॉवेल घेऊन उभी राहते. आम्हांला आणखी चौघी हव्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी नावे द्यावीत.

माझे काही चुकले असेल तर सांभाळून घ्या. एवढे बोलून मी खाली बसते.