प्रवासातील जोखीम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पुणे येथे दिलेले व्याख्यान)



परदेशगमन ही एके काळी आपल्या समाजात नवलाईची गोष्ट होती. जाणाऱ्याला हार घालून निरोप दिला जाई आणि वार्षिकात त्याचे छायाचित्र छापले जाई. आज सुट्टी लागली की पेठांतून, कोथरुडातून, औंधातून कुटुंबेच्या कुटुंबे युरोपला, सिंगापूरला, दुबईला निघतात. कित्येक वडीलधारी मंडळी तिकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे महिनेच्या महिने राहून येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक घरात एक प्रश्न हटकून उभा राहतो: दागिने कोठे ठेवावेत, पैसे कोणी बाळगावेत आणि पासपोर्ट कोणाजवळ असावेत? त्या प्रश्नाचाच आज थोडा विचार करावयाचे मी योजिले आहे.

आपल्या भाषेत एक मोठा मार्मिक शब्द आहे. तो म्हणजे 'जोखीम'. धोक्याला आपण जोखीम म्हणतो आणि अंगावरचा दागिना व गाठीची रोकड यांनाही जोखीमच म्हणतो. "जोखीम घेऊन रात्रीचे निघू नका," असे घरातील वडील मंडळी सांगत, तेव्हा त्यांना हे दोन्ही अर्थ अभिप्रेत असत. मौल्यवान वस्तू आणि तिच्यामुळे ओढवणारे संकट यांना एकच नाव देण्यात पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे.

त्या अनुभवाचा एक प्रसिद्ध दाखला आपल्या वाङ्मयात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनाच्या हेतूने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळविलेले द्रव्य त्या धुमाळीत लुटले गेले. घरी परतताना त्यांच्या खांद्यावर राहिली ती गंगोदकाची कावड. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास' या त्यांच्या ग्रंथात ही हकीकत आहे. धन गेले आणि कावड राहिली, याचे व्यावहारिक कारण साधे आहे. लुटारूला कावडीचा काही उपयोग नव्हता.

आपल्या सावकारांनी हेच तत्त्व शास्त्राच्या पदवीला पोहोचविले होते. दूरच्या यात्रेला अथवा व्यापाराला निघालेला मनुष्य कमरेच्या कशात सगळी रोकड बांधून नेत नसे. तो आपल्या गावच्या सावकाराकडे पैसे भरी आणि परगावच्या पेढीवरची हुंडी घेई. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारातील प्रतिष्ठित आसामीच्या मार्फतच मिळावयाची असल्यामुळे, वाटेत ती चोराच्या हाती पडली तरी त्याच्या दृष्टीने तो केवळ कागद असे. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजी 'पेठ' देत, आणि तीही हरवली तर 'परपेठ' देत. १८९१ साली अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने ट्रॅव्हलर्स चेक काढले, त्यांच्या बुडाशी हीच कल्पना होती.

या साऱ्याचे सार मी एका वाक्यात सांगतो. जे हरवले तरी पुन्हा मिळू शकते, तेच प्रवासात बरोबर न्यावे. जे पुन्हा मिळणार नाही, ते नेऊच नये. या एका कसोटीवर आपले सामान घासून पाहिले की बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

प्रथम सोन्याचा विचार करू. आईची मोहनमाळ, आजीच्या पाटल्या, सासूबाईंनी हाती ठेवलेले तोडे यांची 'परपेठ' कोणतीही पेढी देणार नाही. विमानात सोपविलेल्या बॅगेतही त्यांना संरक्षण नाही. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ साली सामील झाला. त्या करारानुसार बॅग हरवल्यास विमान कंपनीच्या जबाबदारीला मर्यादा आहे. ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ 'विशेष आहरण हक्क', म्हणजे अदमासे दोन हजार अमेरिकन डॉलर, इतकी आहे. बॅग सोपविताना मालाचे विशेष मूल्य जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर आत कितीही तोळे सोने असो, भरपाई या मर्यादेपलीकडे जात नाही.

घरच्या लग्नकार्यासाठी भारी दागिने न्यावेच लागले, तर ते हातातील पिशवीत किंवा अंगावर असावेत. निघताना विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्याकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परत येताना आपलेच सोने आपलेच आहे हे सिद्ध करण्याची पाळी येत नाही. मंगळसूत्राचा प्रश्न भावनेचा आहे, हे मी जाणतो. ते उतरवावे असे मी कोणत्याही भगिनीला सांगणार नाही. प्रवासापुरती साधी काळी पोत घातली तर तिचे मांगल्य कमी होत नाही, इतकेच सुचवितो.

मागे ठेवलेले दागिने बहुधा बँकेच्या लॉकरमध्ये जातात. तेथेही डोळे मिटून विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे तीन हजार रुपये असेल, तर ही मर्यादा तीन लाखांची झाली. शिवाय बँकेचा निष्काळजीपणा नसेल, तर पूर वा भूकंप यांच्यासाठी ती जबाबदार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले, हे ज्या शहराच्या आठवणीत आहे, त्या शहराला या कलमाचा अर्थ समजावून सांगणे नको. यास्तव लॉकरमधील प्रत्येक वस्तूची वजनासह यादी करावी, छायाचित्र काढावे, सराफाच्या पावत्या जपाव्यात, वारसाचे नामनिर्देशन करावे आणि शक्य तर दागिन्यांचा विमा उतरवावा. बँकेजवळ आत काय ठेवले आहे याची नोंद नसते. ती आपल्याजवळच असली पाहिजे.

आता पैशाविषयी. रोख परकीय चलन थोडेच घ्यावे, आणि तेही दोघांत वाटून घ्यावे. दोन कार्डे असल्यास एक अंगावर आणि एक खोलीतील तिजोरीत ठेवावे. कार्डाचा परदेशातील वापर आपणच सुरू वा बंद करावा आणि खर्चाची मर्यादा आपणच ठरवावी, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशाने झालेली आहे. तिचा लाभ घ्यावा. कार्ड हरवल्याचे ध्यानात येताच प्रथम बँकेला कळवून ते बंद करावे. तो दूरध्वनी क्रमांक केवळ मोबाइलमध्ये असून चालत नाही, कारण पुष्कळदा मोबाइलही त्याच पिशवीबरोबर जातो. तो कागदावर लिहून निराळा ठेवावा.

पासपोर्टाच्या बाबतीत मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्या बहुतेक घरांत सर्वांचे पासपोर्ट, तिकिटे आणि विम्याचे कागद यजमानांच्या एकाच बटव्यात असतात. यामागे जबाबदारीची भावना आहे, हे खरे. परंतु तो एक बटवा गेला की सारे कुटुंब एकाच वेळी अडकून पडते. आणि बटवा न जाता, यजमानच परक्या गावी एकाएकी रुग्णालयात दाखल झाले, तर? जिला आपला पासपोर्ट कोठे आहे, विमा कोणत्या कंपनीचा आहे, उतरण्याचे ठिकाण कोणते आहे हे ठाऊक नाही, त्या गृहिणीने कोणाकडे धाव घ्यावी? म्हणून प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आपला पासपोर्ट स्वतः सांभाळावा. त्याची एक छायाप्रत सामानात, एक घरी विश्वासू माणसाजवळ ठेवावी. पासपोर्ट हरवल्यास स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय वकिलातीकडे जावे. नवा पासपोर्ट मिळण्याइतका वेळ नसेल, तर मायदेशी परतण्यापुरते 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' तेथे मिळू शकते. छायाप्रत जवळ असेल तर हे काम पुष्कळच सुकर होते.

चोरी बहुधा बळाने होत नाही, ती आपले लक्ष दुसरीकडे वेधून होते. न्याहारीच्या वेळी जागा अडविण्यासाठी खुर्चीवर ठेवलेली पर्स, आगगाडीच्या दारातील रेटारेटी, साध्या वेषातील पोलीस असल्याचे सांगून पाकीट पाहावयास मागणारा मनुष्य, या चोरांच्या ठरलेल्या संधी आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या उपद्रवाला कंटाळून एप्रिल २०१३ मध्ये काम थांबविले आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिले. त्याच लूव्रमधून १९ ऑक्टोबर २०२५ रोजी भरदिवसा फ्रान्सच्या राजघराण्याचे अलंकार चोरीस गेले. जेथे राणीचे दागिने सुरक्षित राहिले नाहीत, तेथे आपण आपल्या पाटल्या घालून का हिंडावे?

इतके करूनही चोरी होऊ शकते. अशा वेळी झटापट करू नये. वस्तूपेक्षा जीव मोलाचा आहे. आणि एक विनंती. ज्याच्या हातून वस्तू गेली, त्याला प्रवासभर आणि घरी आल्यावर वर्षभर बोल लावू नका. कित्येकदा शंभर डॉलर जातात आणि त्यापायी हजारो रुपये खर्चून केलेल्या यात्रेचा आनंद नासतो, वडील माणसे पुन्हा बाहेर पडावयास धजत नाहीत. ते नुकसान कोणत्याही विमा कंपनीकडून भरून मिळत नाही.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो. परदेशी जाऊन आलेल्या सभासदांनी आपल्या अनुभवाची माहिती कार्यालयात द्यावी आणि तिच्यावरून एक पानाचे टिपण तयार करून ते प्रथमच जाणाऱ्या कुटुंबांना द्यावे. खर्च नगण्य आहे, उपयोग मोठा आहे. पूर्वी काशीयात्रेहून मनुष्य सुखरूप परतला की मावंदे घालीत, आप्तेष्ट पंक्तीला बसत. आपल्यातील प्रत्येक प्रवाशाच्या घरी तसाच परतीचा आनंद व्हावा, अशी इच्छा व्यक्त करतो.