फिरते घर : नवे की जुने?



युनियनचा माणूस अमेरिकेतल्या चाकांवरच्या घरांविषयी बोलणार, हे ऐकून काही मंडळी मनात हसली असतील. पण विषय घरातूनच चालत आला. माझी भाचेसून तिकडे परिचारिका आहे. तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर आज या गावच्या इस्पितळात, उद्या त्या. दर खेपेस बिऱ्हाड शोधण्यापेक्षा बिऱ्हाडच बरोबर न्यावे असे दोघांच्या मनात आले. भाच्याने विचारले, "मामा, तुम्ही वीस वर्षे मोटारींखाली पाठ टेकलीत. नवी घेऊ की वापरलेली?" दोघांची सारी शिल्लक त्यात जायची होती.

मी म्हटले, आधी ती बांधतो कोण ते पाहू. सवयच ती!

तिकडची बहुतेक फिरती घरे इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात. तेथे पुष्कळ कारखान्यांत मजुरी नगावर. पहाटे कामाला लागायचे, ठरलेल्या गाड्या पुऱ्या झाल्या की घरी. मग छपराच्या सांध्यात लुकण नीट बसले की नाही हे बघत कोण थांबेल? दोष हाताला देऊ नका, दराला द्या. याच गावी २००९ च्या मंदीत पाच कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. २०२१ साली, साथीच्या काळात, मागणी अशी चढली की देशात ६ लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. २०२३ साली त्याच्या जेमतेम निम्म्या. तेव्हा वापरलेली गाडी घेताना तिचे साल आधी विचारावे.

नवी म्हणजे निर्दोष, हा भ्रम आहे. हमी मिळते खरी, पण घरच दुरुस्तीला गेले तर माणसांनी राहायचे कोठे? शिवाय दुकानाच्या फाटकाबाहेर पडताच किंमत उतरू लागते, आणि पहिल्या काही वर्षांत सर्वांत जास्त.

जुनीचा वैरी पाणी. आत लाकडी सांगाडा, वर पातळ पत्रा. सांध्यातून झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे दिसत नाही. कोपऱ्यात आणि खिडकीखाली पाय दाबून पाहावा. जमीन लवली की उठावे. टायरची नक्षी चांगली दिसली तरी फसू नये. कडेला शेवटचे चार आकडे असतात, त्यात बनावटीचा आठवडा आणि वर्ष असते.

आणखी एक गोष्ट सांगतो. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर सरकारने बेघरांना अशी हजारो घरे दिली. २००८ साली सरकारी तपासणीतच त्यांच्या हवेत फॉर्मल्डिहाइड वाजवीपेक्षा जास्त निघाले. पुढे 'राहण्यास नव्हे' अशी चिठ्ठी डकवून ती लिलावात विकली. २०१० साली आखाती किनाऱ्यावर तेलगळती झाली, तेव्हा ती साफ करणारे मजूर त्यातल्याच काहींत राहताना आढळले. चिठ्ठ्या कोणी काढल्या असतील ते तुम्हीच ओळखा.

भाच्याला मी लिहिले, चार-पाच वर्षे वापरलेली, पहिल्या मालकाने दुरुस्त्या करून कागद जपलेली गाडी पाहा. आणि त्याआधी एक भाड्याने घेऊन आठवडाभर राहा. त्याने एक पाहिली, २०२१ ची, चकचकीत. पलंगामागच्या कोपऱ्यात पाय खाली गेला. परत आला. सध्या भाड्याच्या गाडीत आहेत, आणि भाचेसून म्हणते की रात्रपाळीनंतर दिवसा झोपायला आत फार उकडते.