चेंडू मारू नका, फिरवा
(विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबल टेनिस नुकतेच शिकू लागलेल्या मुलाने किंवा मुलीने आपला फोरहॅण्ड टॉपस्पिन कसा सुधारावा, एवढाच आजचा विषय आहे. पालकांना वाटेल की ही गोष्ट मुलांपुरती आहे, आपला तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. तो मी शेवटी सांगणार आहे. तोपर्यंत थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

प्रथम टॉपस्पिन म्हणजे काय ते पाहू. सायकल पुढे जाताना तिचे चाक जसे फिरते, तसाच पुढे जाणारा चेंडू स्वतःभोवती फिरत असेल, तर त्या फिरकीला टॉपस्पिन म्हणतात. अशा चेंडूला हवा खाली ढकलते. फिरत जाणाऱ्या वस्तूवर हवेचा असा आडवा जोर पडतो, हे मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली प्रयोगाने दाखवून दिले. आमच्या खेळात चेंडूचे वजन अवघे २.७ ग्रॅम असल्यामुळे हा जोर फार मोठे काम करतो.

आता टेबलाची मापे लक्षात घ्या. टेबल २७४ सेंटिमीटर लांब, म्हणजे समोरच्या खेळाडूची बाजू फक्त १३७ सेंटिमीटर. मध्ये १५.२५ सेंटिमीटर उंचीची जाळी. जाळीच्या उंचीपेक्षा खाली आलेला चेंडू तुम्ही सरळ आणि जोरात मारलात, तर दोनच गोष्टी होतात. एक तर तो जाळीत अडकतो, नाही तर जाळीवरून जाऊन टेबलाच्या पलीकडे पडतो. टॉपस्पिन दिलेला चेंडू मात्र जाळीवरून चांगला वरून जातो आणि कमान करून टेबलावरच उतरतो. टप्पा पडल्यावर तो पुढे झेपावतो, आणि समोरच्याने बॅट नुसती उभी धरली तर तिच्यावरून वर उडतो. तेव्हा टॉपस्पिन म्हणजे जोरात मारूनही चेंडू टेबलावर ठेवण्याची युक्ती आहे.

ही फिरकी येते कशी? घरी सायकल उलटी करून सीटवर उभी करा. टायरवर तळहात सरळ आसाच्या दिशेने आपटलात, तर चाक फिरणार नाही, हाताला मात्र लागेल. तोच तळहात टायरवरून घासत नेलात, तर चाक गरगर फिरेल. चेंडूचेही असेच आहे. बॅट चेंडूच्या मध्यावर आपटली की चेंडू पुढे जातो, पण फिरत नाही. बॅट चेंडूच्या पाठीवरून खालून वर घासत गेली की तो फिरतो. आजच्या भाषणातले एकच वाक्य घरी न्यायचे असेल तर हे न्या: चेंडू मारू नका, फिरवा.

घासण्यासाठी बॅटच्या रबराने चेंडू धरला पाहिजे. येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या मुंबईत घडला आहे. १९५२ साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात भरलेली ती पहिलीच जागतिक स्पर्धा. तोपर्यंत बहुतेक खेळाडू दाणेदार रबराची बॅट वापरत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचा जगज्जेता होऊन गेला. त्याचा खेळ टॉपस्पिनचा नव्हता, परंतु स्पंजची ताकद जगाला तेथे कळली. पुढे स्पंज आणि त्यावर गुळगुळीत रबर अशी बॅट आली, आणि १९६० च्या सुमारास जपानी खेळाडूंनी तिच्यातून आजचा जोरदार टॉपस्पिन घडवला.

म्हणून पालकांना एक व्यवहाराची सूचना. फार महागडी, फार वेगवान बॅट नवशिक्याला नको. तिच्यावरून चेंडू हाताबाहेर पळतो. परंतु स्पंज नसलेली किंवा रबर झिजून काचेसारखे झालेली बॅटही उपयोगाची नाही, कारण तिच्यावरून चेंडू नुसता घसरतो. मध्यम वेगाचे लाकूड, मध्यम जाडीचा स्पंज आणि गुळगुळीत, पकड असलेले रबर पुरे. खेळ झाल्यावर ओलसर फडक्याने रबर पुसावे आणि बॅट पिशवीत ठेवावी. धूळ बसली की पकड गेली.

आता विद्यार्थी मित्रांनो, प्रत्यक्ष फटक्याकडे वळू. मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगतो. डावखुऱ्यांनी उलट समजून घ्यावे.

पाय खांद्यांपेक्षा थोडे अधिक रुंद ठेवा, डावा पाय किंचित पुढे. गुडघे वाकलेले, भार पायांच्या चवड्यांवर, अंग जरा पुढे झुकलेले. बॅट घट्ट आवळू नका. मूठ आवळली की मनगट आणि कोपर दोन्ही अडकतात.

चेंडू येऊ लागला की कंबर उजवीकडे वळवा आणि भार उजव्या पायावर घ्या. हात कमरेबरोबर आपोआप मागे जाईल. त्याला पाठीमागे लांब नेऊ नका, बॅट उजव्या मांडीच्या बाजूला आली की पुरे. कोपर अंगापासून वीतभर दूर असू द्या.

चेंडू टप्पा खाऊन सर्वांत वर येईल, किंवा किंचित खाली उतरू लागेल, तेव्हा त्याला गाठा. तो तुमच्या समोर आणि थोडा उजवीकडे असावा. भार उजव्या पायावरून डाव्या पायावर येतो, कंबर फिरते, तिच्यामागून हात येतो आणि शेवटी कोपरापासून पुढचा हात झटकन मिटतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाय, मग कंबर, मग हात. बॅटचा वेग चेंडूला लागण्याच्या क्षणी सर्वांत जास्त असावा. बॅटचे तोंड थोडे खाली झुकलेले असावे. फटका संपताना बॅट कपाळासमोर यावी, जणू तुम्ही सलाम करीत आहात. आणि लगेच पूर्वीच्या जागी परत या, कारण चेंडू परत येणार आहे.

येणारा चेंडू कोणत्या फिरकीचा आहे हे ओळखले पाहिजे. समोरच्याने खालून कापून ढकललेला चेंडू तुमच्या बॅटवरून खाली पडायला पाहतो. त्याच्यासाठी गुडघे अधिक वाकवा, बॅट गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली न्या, तोंड थोडे उघडे ठेवा आणि वरच्या दिशेने घासा. टॉपस्पिन किंवा ब्लॉक होऊन आलेला चेंडू वर उडायला पाहतो. त्याच्यासाठी बॅट अधिक झुकवा आणि वर कमी, पुढे जास्त न्या. जाळीत जाणारे आणि बाहेर जाणारे बहुतेक चेंडू हा फरक न केल्याने जातात.

नवशिक्यांच्या चुका सहसा चारच असतात. पहिली, पाय ताठ ठेवून नुसत्या हाताने फटका मारणे. दुसरी, मनगटाने चापट मारणे. तिसरी, चेंडू अंगाला चिकटेपर्यंत थांबणे, मग हाताला फिरायला जागाच राहत नाही. चौथी, प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने मारणे. यातली चौथी चूक सर्वांत हट्टी आहे, कारण दहांतला एक चेंडू सुसाट जातो आणि मन त्याच एका चेंडूला धरून बसते.

सराव कसा करावा? एका टेबलाभोवती वीस-पंचवीस मुले असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून टेबलाशिवायचा सराव आधी सांगतो. आरशासमोर उभे राहून, चेंडू न घेता, वीस फटके अगदी सावकाश मारा. प्रत्येक वेळी पाहा, कंबर फिरली का, भार डाव्या पायावर आला का, बॅट कपाळासमोर थांबली का. नंतर भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभे राहा. चेंडू जमिनीवर टाका, टप्पा वर आला की घासून भिंतीकडे पाठवा. टॉपस्पिन खरा असेल तर चेंडू भिंतीला लागून वर चढेल. भिंतीला लागून नुसता सरळ परत आला, तर तुम्ही मारले आहे, फिरवलेले नाही. कान देऊनही ओळखता येते. मारलेल्या चेंडूचा आवाज ठसठशीत ‘टक्’ असा येतो, घासलेल्याचा मऊ येतो. भिंत कधी खोटे बोलत नाही आणि तिला फीही लागत नाही.

टेबल मिळाले की मित्राला सांगा, माझ्या उजव्या कोपऱ्यात एकाच जागी, कापून, हळू चेंडू दे. निम्म्या ताकदीने टॉपस्पिन करा आणि मोजा. दहांपैकी सात चेंडू टेबलावर पडू लागले की मगच पुढची पायरी. पुढची पायरी म्हणजे मित्राने ब्लॉक करायचा आणि तुम्ही सतत टॉपस्पिन करायचा. त्यानंतर मित्राने एक चेंडू कोपऱ्यात आणि एक मध्यभागी द्यायचा, तुम्ही पाय हलवून दोन्ही चेंडू त्याच फटक्याने घ्यायचे. सर्वांत शेवटी आपली सर्व्हिस, समोरच्याचा पुश आणि त्यावर आपला टॉपस्पिन. ताकद वाढवायची ती या सगळ्याच्या नंतर. अर्धा तास लक्ष देऊन केलेला सराव दोन तासांच्या दंगामस्तीहून अधिक शिकवतो.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे बोलतो. कोपर अंगाला चिकटवून, थोडीशी जागा व्यापून उभे राहायची सवय अनेक मुलींना लहानपणापासून लागते. या फटक्याला ती सवय आड येते. मुलींनो, पाय रुंद करा, कंबर मोकळी फिरवा, हात पूर्ण जाऊ द्या. ओढणी नीट बांधली की सलवार-कमीजमध्ये यातले काहीही अडत नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद हैदराबादच्या सईद सुलताना यांच्याकडे होते, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे. सातवी-आठवीत आल्यावर मुलीची बॅट कपाटात जाते, तेव्हा ती नेमकी हा फटका शिकण्याच्या वयात आलेली असते.

आता पालकांना दिलेला शब्द पुरा करतो.

नवा टॉपस्पिन शिकणारा मूल सुरुवातीला हरते. हे अटळ आहे. काल जो मुलगा चेंडू हळूच ढकलून जिंकत होता, तो आज टॉपस्पिन करायला जातो आणि चेंडू बाहेर घालवतो. २००१ पासून डाव २१ ऐवजी ११ गुणांचा झाला आहे. तुमच्यापैकी जे पूर्वी खेळले असतील त्यांना फरक कळेल. डाव छोटा झाला, एकेक गुण महाग झाला, आणि मूल धोका घ्यायला घाबरू लागले. घरी आल्यावर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? “जिंकलास का?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणता यावे म्हणून मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकलायला लागते. दहाव्या वर्षी ते ढकलून जिंकते, आणि पंधराव्या वर्षी टॉपस्पिन करणारा कोणीही येऊन त्याला हरवतो. मग आपण म्हणतो, मुलाला खेळाची बुद्धी नव्हती. बुद्धी होती, तिला शिकायला अवधी मिळाला नाही.

त्याकरिता माझी विनंती एवढीच आहे. पुढील सहा महिने घरी प्रश्न बदला. “आज किती टॉपस्पिन टेबलावर पडले?” असे विचारा. मैत्रीच्या डावात टॉपस्पिनने मिळवलेल्या गुणाला दोन गुण द्यायचे, असा नियम करा. मूल आपण होऊन हात सोडू लागेल. शरथ कमल यांनी २००६ साली राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक मिळवले, आणि १६ वर्षांनी, २०२२ साली, वयाच्या ४० व्या वर्षी तेच पदक पुन्हा जिंकले. त्यांच्या खेळाचा मोठा आधार फोरहॅण्ड टॉपस्पिन हाच होता. पाया नीट घातलेला फटका इतकी वर्षे साथ देतो. सर्व मुले काही तेथवर जाणार नाहीत, आणि जावीत असा माझा आग्रहही नाही. परंतु अवघड गोष्ट सावकाश, बरोबर रीतीने आणि न लाजता शिकायची सवय एकदा लागली, तर ती गणिताच्या वहीतही दिसते.

विद्यार्थी मित्रांनो, टेबल उद्या मिळेल तेव्हा मिळेल. भिंत मात्र आज संध्याकाळीही मोकळी आहे.