अपुऱ्या देवालयाचे दर्शन



पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की आपण भोपाळची मराठी मंडळी त्यांना सांची, भीमबेटका आणि भोजपूर ही तीन ठिकाणे दाखवितो. पहिल्या दोहोंविषयी पाहुणा काही वाचून आलेला असतो. भोजपूर मात्र बहुधा वाटेत आहे म्हणून घडते. मंडळी पायऱ्या चढून वर जातात, हात जोडतात, ‘केवढी मोठी पिंडी!’ असे म्हणतात आणि अर्ध्या तासात परततात. त्या अर्ध्या तासात काय पाहावयाचे राहून जाते, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

भोपाळपासून सुमारे २८ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, बेतवेच्या काठी हे शिवालय उभे आहे. परंपरेने आणि अभ्यासकांनीही ते अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावे मांडले आहे. लिंग साडेसात फूट उंच, त्याचा परीघ जवळजवळ १८ फूट. गाभाऱ्यातील चार स्तंभ प्रत्येकी सुमारे ४० फुटांचे. दाराशी उभा राहिलेला धिप्पाड माणूसही तेथे लहान मुलासारखा दिसतो. परंतु या मंदिराला शिखर नाही. ते कधी पुरे झालेच नाही. राजाचा मृत्यू, युद्ध, छताचे ढासळणे असे अनेक तर्क त्याविषयी मांडले गेले आहेत.

आता मंदिराच्या मागील अंगास चला. तेथे मातीचा एक लांब चढाव आहे. याच चढावावरून प्रचंड शिळा वर ओढून नेल्या जात. आसपासच्या खडकाळ भागात दगडाच्या खाणी आहेत. अर्धवट घडविलेले भाग अजून तेथेच पडून आहेत. पाथरवटांच्या खुणा शेकडो दगडांवर आढळतात. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सपाट खडकावर कोरलेले आराखडे. स्तंभ, शिखर, तलविन्यास यांच्या रेषा सूत्रधाराने उघड्या कातळावरच आखून ठेविल्या आहेत. त्यांतील काही आराखडे तर या मंदिराचे नसून, जी देवळे कधी उभीच राहिली नाहीत त्यांचे आहेत.

या संदर्भात युरोपातील एका मध्ययुगीन देवालयाची आठवण होते. जर्मनीतील कोलोनच्या कॅथीड्रलचा पाया १२४८ साली घातला गेला आणि सोळाव्या शतकात काम थांबले. दक्षिणेकडील अपुऱ्या मनोऱ्यावर दगड उचलण्याची लाकडी यारी सुमारे चारशे वर्षे तशीच उभी होती. दर्शनी भागाचा चर्मपत्रावरील मूळ आराखडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन तुकड्यांत, दोन निरनिराळ्या शहरांत सापडला. त्याच्या आधारे १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले आणि १८८० साली ते पुरे झाले. आज तेथे जाणारा प्रवासी १५७ मीटर उंचीचे मनोरे पाहून थक्क होतो. ती यारी मात्र त्याला दिसत नाही.

मग आपल्याकडे आराखडे आहेत, तर भोजपूरचे शिखर आपणही का चढवू नये, असा प्रश्न श्रद्धाळू माणूस विचारतो. त्याच्या भावनेचा मी आदर करतो. तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे. काम पुरे झाले की चढाव काढला जातो, खाणीतील पसारा हलविला जातो, कारागिरांची वाट पुसली जाते. खजुराहोची पूर्ण मंदिरे आपल्याला वैभव दाखवितात. ते वैभव कसे उभे राहिले ते मात्र ती सांगत नाहीत. भोजपूर ते सांगते, कारण ते अपुरे आहे.

जीर्णोद्धार आणि पूर्ती यांतील भेदही येथेच शिकावा. २००६-०७ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने श्री. के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली येथे दुरुस्ती केली. उघड्या छतावर फायबरग्लासचे आच्छादन घातले आणि नसलेल्या एका स्तंभाच्या जागी सुमारे १२ टनांचा अखंड नवा स्तंभ बसविला. पुरेशी मोठी यारी न मिळाल्याने तो कप्प्या आणि तरफांच्या बळावर, काही महिने खपून, उभा करावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीच्या मजुरांचे कष्ट किती होते, हे त्या दिवसांत आजच्या माणसांना हातांनी कळले असेल.

‘समरांगण सूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरील संस्कृत ग्रंथही भोजाच्याच नावे प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात तो छापला गेला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, म्हणजे एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने. पोथीतील शब्द असे वाचले. कातळावरील रेषांना मात्र कपाट नाही. ऊन, पाऊस आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले त्यांच्यावरून जातात, आणि त्या हळूहळू पुसट होत जातात.

म्हणून ग्रंथप्रेमी सभासदांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा लिंगदर्शनानंतर त्यांना खाणीकडेही न्या. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, म्हणजे रेषा उठून दिसतील. त्यांवर पाय पडू देऊ नका. मुलांना त्या बोटाने नव्हे, डोळ्यांनी वाचावयास शिकवा. पुस्तकाचे पान दुमडू नये हे आपण ज्या आस्थेने सांगतो, त्याच आस्थेने हेही सांगावे.