मोकळा वेळ : फुगडी आणि तंबूतला सिनेमा

मोकळ्या वेळात माणसाने काय करावं, याविषयी आपल्याकडे पुष्कळ उपदेश होत असतो. वाचन करावं, बागकाम करावं, छंद जोपासावा. उपदेश करणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की मोकळा वेळ सर्वांनाच असतो. मला आज नाच आणि सिनेमा या दोनच विरंगुळ्यांविषयी बोलायचं आहे. आणि तेही, गावातल्या बायकांच्या वाट्याला ते किती आले, एवढ्यापुरतं.

आधी नाच. हा शब्द उच्चारला की चारचौघांत जरा चुळबुळ होते. नाच म्हणजे दुसऱ्याने करायचा आणि आपण पैसे देऊन बघायचा, अशी आपली समजूत. म्हणून आपली भाषा मोठ्या शिताफीने हा शब्द टाळते. लेझीम आपण खेळतो, झिम्मा खेळतो, फुगडी घालतो, गोफ विणतो. नाचतो असं सहसा कुणी म्हणत नाही. (वारकऱ्यांचा अपवाद करायला हवा. ते उघड नाचतात आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही.) डहाणू-जव्हारकडच्या वारली मंडळींनाही ही अडचण नाही. तारपा वाजवणारा मध्ये, आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नसमारंभात मांडो होई, तेव्हा स्त्रिया हातात पंखे घेऊन पुरुषांच्या समोर ओळीत उभ्या राहत. प्रतिष्ठित घरांतलीच ही चाल.

आपल्या बायकांनी मात्र नाच सणाच्या पदराखाली सांभाळला. नागपंचमीचा झोका, श्रावणातली मंगळागौर, आश्विनातला हादगा किंवा भोंडला, खानदेश-विदर्भातली भुलाबाई. मंगळागौरीला तर रात्र जागवायची, म्हणजे त्या रात्री बाईने झोपायचं नाही आणि कामही करायचं नाही, खेळायचं, अशी धर्माचीच आज्ञा! फुगडी नीट पाहिली आहे का आपण? दोघींनी हातांची फुली करून एकमेकींचे हात धरायचे, पाय जवळ घ्यायचे आणि अंग मागे झोकून द्यायचं. एकीचा भार दुसरीच्या हातावर. एकीने हात सोडला तर दोघी पडणार. वय झालेली बाईही फुगडीला उभी राहते. म्हणजे सासू, सून आणि माहेरवाशीण, कुणीच त्यातून सुटत नाही. अलीकडे वरातीत आणि विसर्जनात मुली नाचतात, ते मला वावगं वाटत नाही. पण त्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे म्हातारी बाई कानात बोटं घालून ओट्यावर बसते, तिला त्यात जागा नाही.

आता सिनेमा. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला, तेव्हा त्यात काम करायला बाई मिळेना. तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. बाईला पडद्यावर येणं अवघड होतं, तसंच पडद्यासमोर येणंही. गावात ते जमवलं तंबूने. पावसाळा सरला की फिरते सिनेमे सारं बिऱ्हाड ट्रकवर लादून यात्रेयात्रेने हिंडू लागत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीच्या खंडोबाची यात्रा, अशी त्यांची मुक्कामं. तिकीट थोडं, बैठक जमिनीवर, आणि मधे दोर किंवा कापड बांधून एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. या दोराला कुणी मागासलेपणा म्हणेल. म्हणो बापडे. पण त्या दोराच्या आधारानेच सासू सुनेला घेऊन रात्रीच्या खेळाला जाऊ शकली. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा बायका पायताण बाहेर काढून आत बसत आणि पडद्यावर फुलं, नाणी उधळत. शिकलेल्यांना याचं हसू येई. मला वाटतं, त्या गर्दीला देवी हवी होती तशी बाहेर पडायला एक सबबही हवी होती.

आपण सिनेमाच्या प्रयोगालाही 'खेळ'च म्हणतो, सहाचा खेळ, नऊचा खेळ. आणि म्हणतो 'सिनेमाला जाणे'. या जाण्यातच निम्मी गंमत होती. पुढे दूरचित्रवाणी आली, चित्रपटांची रिळं बंद झाली, बहुतेक तंबू उठले, आणि आता सिनेमा हातातल्या फोनवर आला. बघणं वाढलं, जाणं संपलं. चुलीपाशी फोन टेकवून बाई सिनेमा बघते आणि भाकरी थापते. याला मोकळा वेळ म्हणायचं का? २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची एक सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषाची ९७. शिवाय ज्यांना घरकामाला हातच लावावा लागत नाही असे पुरुष त्या सरासरीत धरलेले नाहीत!

शहरात पैसे भरून नाचाचे वर्ग चालतात. आता तालुक्याच्या गावीही झुंबाचे वर्ग दिसू लागले आहेत. तिथे पावलं शिकवतात हे खरं, पण पैसे मुख्यतः कशाचे? ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि सोबत, यांचे. फी भरली की 'कुठं निघालीस' हा प्रश्न घरात कमी येतो. खेड्यातल्या बाईची ही फी कोणी भरायची?

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवतो. महिन्यातून एक दुपार शाळेचा मोठा वर्ग बायकांसाठी उघडा. दुपार अशासाठी म्हणतो, की सहानंतरची वेळ ठेवली तर स्वयंपाक आडवा येईल आणि पहिल्या महिन्यातच उपक्रम मोडेल. सुगीच्या दिवसांत ठेवूच नका. पडदा आणि प्रक्षेपक आज बऱ्याच शाळांत आहेत. 'श्यामची आई'सारखा चित्रपट रीतसर मिळवून दाखवावा, नंतर अर्धा तास खेळ. बहुतेक शाळांतल्या लेझिमा पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी झाली की कपाटात पडून असतात, त्या बाहेर काढा. 'चार आवाज' एवढा एकच प्रकार पहिल्या दिवशी पुरे. हलगी वाजवणारा गावात असतोच. सतरंज्या भिंतीलगत घाला, म्हणजे म्हाताऱ्या बायकांना टेकून बसता येईल, आणि लहान मुलांना सांभाळायला त्या दुपारी वर्गाबाहेर दोन-चार बापे बसवा.