चौकट आणि कात्री

छायाचित्राची चौकट कॅमेऱ्यातच पूर्ण व्हावी, की मागाहून तिच्या कडा कातराव्यात, हा वाद छायाचित्रकलेइतका जुना नाही. लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास इंदुरात कॅमेरा हाती धरला, तेव्हा काचेची निगेटिव्ह कागदाला भिडवून उन्हात ठसा उतरवीत. काच जेवढी, चित्र तेवढे. चौकट आधीच नेमकी ठरविणे हे तेव्हा तत्त्व नव्हते, निकड होती. पुढे एन्लार्जर आला आणि कात्रीला वाव मिळाला. १२० च्या फिल्मवरील चौरस चित्रे लांबट कागदावर उतरविताना गावोगावचे स्टुडिओवाले कडा रोज गाळीत. त्यात पाप आहे असे कोणाच्या मनातही येत नसे.

कात्रीचा कट्टर विरोधक म्हणून आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव घेतात. परंतु १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे त्यांचे जगप्रसिद्ध चित्र कातरलेलेच आहे. कुंपणाच्या फटीतून टिपताना कडेला आडोसा आला, तो गाळावा लागला. चित्राचे त्यात काहीच बिघडले नाही, कारण गेला तो अडथळा होता, आशय नव्हे.

आशय कुठे जातो, हे पाहण्यास बुऱ्हाणपुराहून दूर जाण्याचे कारण नाही. येथील जामा मशिदीत फारुकी घराण्याच्या आदिलशहाच्या काळचे अरबी लेख आहेत, तसाच शके १५११ चा, म्हणजे इ. स. १५९० चा संस्कृत लेखही आहे आणि त्यात त्या सुलतानांची वंशावळ दिली आहे. संस्कृत लेख चौकटीबाहेर राहिला किंवा एकटा तोच आत आला, तर दोन्ही चित्रे सुबक होतील आणि दोन्ही अर्धीच बोलतील. कुंडी भंडाऱ्याचेही तसेच. एका कुंडीचे तोंड म्हणजे साधी विहीर. अनेक तोंडे ओळीने दिसली, तरच जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याची रचना ध्यानात येते. येथे दोष एकट्या कात्रीचा नाही. कॅमेरा रोखतानाच छायाचित्रकार बरेचसे कापून टाकतो; कॅमेऱ्यातील शुद्ध चौकटीचा अभिमान बाळगणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

१९१९ च्या हत्याकांडानंतर नारायण विनायक विरकरांनी जालियनवाला बागेच्या भिंती टिपल्या. गोळ्यांच्या खुणांजवळची माणसे त्या चौकटीतून काढली, तर खुणा किती उंचीवर आहेत हे कळणार नाही, आणि साक्षच दुबळी होईल. तेथे सौंदर्यासाठी कात्री लावणे अक्षम्यच.

ग्रंथालयांनाही हा प्रश्न टळत नाही. स्मरणिकेसाठी समूहचित्र तयार करताना अध्यक्ष मध्यभागी यावेत म्हणून कडेला उभा असलेला शिपाई हमखास कापला जातो. पुष्कळदा त्याचे दुसरे चित्रच नसते. छापताना पानाच्या मापापुढे इलाज नसेल, तर कातरावे. पण मूळ प्रत अखंड ठेवावी आणि तिच्या मागे, हलक्या हाताने पेन्सिलीने, कडेच्या माणसांचीही नावे लिहावीत.